पाणी गार झालंच नाही

पिंपळढव, ता. महागाव
१४ नोव्हेंबर २०२४

मोनाली बाई,

फोनवर बोलणं होत नाही म्हणून लिहायले बसली. मी फोन लावला की तू ‘आजी आहे, बोल’ म्हणून श्रावस्तीच्या हातात देते. ती दोन गोष्टी सांगते, आजीनं भाजी काय केली ते विचारते, आणि फोन खाटेवर टाकून पळते. मंग मी तुमच्या घरचा आवाज ऐकत बसते. भांडे घासल्याचा, टीव्हीचा, तू कोणाले तरी हाक मारल्याचा. कोणी येऊन बंद करत नाही तोवर कानाले लावून ठेवते.

कागदाचं एक बरं असते, तो पळत नाही. वाचायचा नसन तर ठेवून देजो. फाडू नको.

मी बरी आहे. एका जीवासाठी सैपाक करायचा कंटाळा येते. सकाळी केलेलं संध्याकाळी खाते. तू लावलेलं लिंबाचं झाड जगलं. शेजारची बिजलीबाई अधूनमधून डोकावते, पण तिचे दोन शब्द झाले की ती तुहा विषय काढते, म्हणून मीच आत निघून जाते.

ज्या गोष्टीवरून तू घर सोडून माहेरी नेरले गेली, ती गोष्ट मी अजून करून राह्यली. लपवत नाही. दर गुरुवारी तलावावर, पंपघराजवळच्या पुलावर जाते. दोरीले बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडते, वर काढून पाहते. मंग माह्या रवीनं टांगलेल्या कौलांची माळ ओढते आणि त्या कौलांवर किती बारक्या शिपा चिकटल्या ते पाहते. उर्वशी मॅडमले यवतमाळले फोन करून सांगते. त्या कॉलेजात लिहून घेतात. बस, एवढंच.

तुले आठवत असन, रवीनं ती शिपी पहिल्यांदा तुह्याच डब्यात घालून घरी आणलती. नखाएवढी, पिवळी-काळी, दगडाले केसासारख्या दोऱ्यांनी घट्ट धरलेली. तू म्हणाली, “ईऽ, हे काय आणलं बाप्पा?” तो म्हणाला, “पाव्हणी हाय. सगळ्या पाइपात घर करून राह्यली.” दोन उन्हाळ्यांत तिनं पंपाच्या जाळीवर थरावर थर लावले आणि पाच गावांचं पाणी अडलं. मॅडम आल्या तेव्हा म्हणाल्या, ही आपल्याकडची नाही. माशांच्या बीजासोबत नाहीतर कोणाच्या जाळ्या-डोंग्यासोबत दूरच्या पाण्यातून आली असन. आपलं पाणी तापत चाललं, तिले ते मानवलं. हे मोजायले पाहिजे म्हणून त्यांनी रवीले थर्मामीटर देला. नळयोजनेवरचा फिटर माणूस, पण त्याले त्याचा काय नाद लागला होता! जेवताना आकडे सांगायचा आणि तू म्हणायची, “माह्या भाजीचं सांगा अगोदर.”

तू जाताना म्हणाली, “ज्या पाण्यानं त्यायले नेलं, त्याच पाण्यात हात घालता? तुमचं काळीज हाय का फत्तर?” मी तेव्हा गप्प राह्यली. आज सांगते. रवीनं सुरू केलेल्या कामांतलं तेवढंच एक अजून सुरू आहे. त्याचे कपडे तू नेले. पोरगी तुह्याजवळ आहे, तिथंच पाहिजे. मले पाणी उरलं.

आणखी एक तू म्हणाली होती. “त्यायले आमची पर्वा असती तर ते जाळी खरडायले उतरलेच नसते.” हे मनातून काढून टाक. रवी निष्काळजी नव्हता. याच्यापुढं मले लिहिता येत नाही.

विक्कीचा फोन येते का? पांढरकवड्याले ट्रकवर आहे असं ऐकलं. भाऊ तुहा, पण पंपावर कामाले होता तोवर रवीच्या बाजूले बसून माह्या हातचं खाल्लं त्यानं. रवी गेला आणि तोही कोणाले न सांगता काम सोडून गेला. त्याले म्हणाव, वेळेवर जेवत जा.

श्रावस्तीचे केस विंचरताना गुंता खालून सोडव. वरून ओढलं की रडते ती.

जय भीम.
कौसल्या

•

पिंपळढव
९ जानेवारी २०२५

मोनाली बाई,

तुहं उत्तर आलं नाही. पण श्रावस्ती फोनवर म्हणाली, “आजी, तुमचा कागद आईच्या उशीखाली हाय.” मी तिले म्हटलं, असू दे, हात नको लावू. तेवढ्यावर माहा आठवडा निघाला.

यंदा थंडी पडलीच नाही. नेरकडं कशी आहे? इथं मी गोधडी काढली आणि परत घडी करून ठेवली. तू लग्न होऊन आली त्या वर्षी पौषात आपण दोघी तलावावर गोधड्या धुवायले गेलतो. तुही बोटं निळी पडली आणि तू रडायलेच लागली. मी तुहे हात माह्या काखेत धरले होते. आता त्याच महिन्यात पाण्यात हात घातला तर काहीच होत नाही. पाणी कसं, नुसतं पाण्यासारखं. थर्मामीटर विसाच्या खाली उतरला नाही.

गेल्या गुरुवारी उर्वशी मॅडम स्वतः आल्या. मी माळ ओढली. पहिलंच कौल हाताले खरखरीत लागलं, जसं कोणी रवा चिकटवला. मॅडमनं भिंग लावून पाह्यलं, मंग पुन्हा पाह्यलं.

“पिल्लं हायेत का?” मी विचारलं.

“पिल्लंच आहेत, कौसल्याताई. जानेवारीत!”

मंग पुलावर बसून त्यांनी मले समजावलं. पाणी चांगलं गार झालं की या शिपीची वीण थांबते. मोठ्या शिपा जगतात, पण नवीन होत नाहीत. पहिले इथलं पाणी हिवाळ्यात पंधरा-सोळावर यायचं, जुन्या नोंदी आहेत. तेवढे दोन महिने तिले आडकाठी होती. आता ती आडकाठी निघून गेली. बारा महिने वीण. पिल्लं डोळ्याले दिसत नाहीत, पाण्यात तरंगतात, आणि जिथं पाणी वाहते तिथं जाऊन धरतात. तलावात पाणी वाहते कुठं? पंपाच्या तोंडाशी. म्हणून तिथंच ढीग.

मी म्हटलं, “मंग उन्हाळ्यात पाणी लय तापते तवा तरी मरत असन?”

“काठाची मरेल. पण तिच्या आधी आपली देशी शिंपली मरेल. आणि खाली, पंपाजवळ, हिचं काही बिघडणार नाही.”

तांड्यावरचा भीमसिंग डोंगा घेऊन तिथंच होता. त्यानं जाळं वर करून दाखवलं. जागोजागी कापलेलं. जाळ्यात आपली मोठी शिपी आली होती एक, जिच्यानं आपण कैरी सोलतो ती. तिच्या पाठीवर या पोट्ट्या अशा बसल्या होत्या की तिले तोंड उघडता येत नव्हतं. भीमसिंग त्याच्या बोलीत म्हणाला, “पाणी ऊनो वेगो, बाई.” पाणी ऊन झालं. “माह्या बापानं या तलावात असं पाणी नाही पाह्यलं. आता मी पायात बूट घालून उतरतो. मासे धरणारा माणूस बूट घालून!” हसला, पण त्याचं हसू काही खरं नव्हतं.

मॅडम जेवायले थांबल्या. मी वांग्याचं भरीत केलं, ज्वारीची भाकर केली. किती दिवसांनी दोन ताटं मांडली. जेवता जेवता त्या म्हणाल्या, “तुम्ही एकट्याच राहता?” मी म्हटलं, “सून माहेरी गेली, येईन.” येईन असं काहून म्हटलं मले माहीत नाही. तोंडातून निघालं. तुह्यावर त्याचा काही जोर नाही.

त्या गेल्यावर मी त्यांचं ताट धुतलं आणि माहं तसंच ठेवलं.

कौसल्या

•

पिंपळढव
२० फेब्रुवारी

मोनाली,

आज जास्त लिहिणार नाही. फेब्रुवारी आहे आणि ऊन वैशाखासारखं लागते. कौलांवरचा रवा आता तुरीच्या डाळीएवढा झाला. पंप पाणी कमी ओढून राह्यला. वरच्या दोन गावांत एक दिवसाआड नळ येते, बाया ओरडून राह्यल्या.

ठेकेदाराचा माणूस आलता. म्हणे नांदेडकडून पाणबुडा आणतो, जाळी खरडून घेतो.

मी घरी आली आणि दार लावून बसली. पुन्हा कोणाचं तरी पोरगं त्याच जागी उतरणार.

विक्कीचा नंबर असन तर पाठव.

कौसल्या

•

पिंपळढव
२९ मार्च २०२५

मोनाली बाई,

हा कागद नीट बसून वाच. श्रावस्ती झोपली असन तेव्हा वाच. दुसऱ्याच्या तोंडून तुह्या कानावर काही येण्याच्या आत मी सांगते.

काल पाणबुडा आला. शाम नावाचा, चाळिशीचा माणूस. चांगला होता, येताच पाया पडला माह्या. कोणीतरी त्याले सांगतलं असन की ही त्या पोराची माय. पाच गावांची माणसं पुलावर जमली होती. ऊन असं की पुलाच्या लोखंडाले हात लावता येत नव्हता. पाणी खाली गेलेलं, काठाचा चिखल उघडा पडलेला, आणि त्या चिखलात आपल्या मोठ्या शिपा तोंडं वासून मेलेल्या. वास इतका की लोक नाकाले रुमाल लावून उभे. काल वरचं पाणी बत्तिसाच्या पुढं होतं.

लाइन गेली होती, वीज नव्हती. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “आता लाइन नाही, तेवढ्यात उतर. लाइन आली की पाणी सोडायचं हाय.”

शामनं टाकी पाठीवर बांधली. मी पंपघराच्या दारातून आत पाह्यलं. स्टार्टरवरचा तो लाल दिवा नव्हता, पण बाजूचा ऑटोचा खटका वरच होता. ऑटो म्हणजे काय हे या वयात मले कोणी शिकवायची गरज नाही. लाइन आली की पंप आपोआप सुरू.

मी म्हटलं, “ऑटो बंद करा.”

तो म्हणाला, “आजी, तुमी बाजूले बसा. लाइन संध्याकाळशिवाय येत नाही.”

“बंद करा म्हणते ना.”

“अहो, काही होत नाही. मागचा माणूस दम कोंडून गेला, पाण्यात जीव गुदमरला त्याचा. कागदावर आहे तसं.”

मोनाली, मले कळलं नाही माह्यात काय शिरलं. मी पुलाच्या मधोमध जाऊन उभी राह्यली आणि ओरडली. “माहा पोरगा दम कोंडून नाही गेला! लाइन आली. ऑटो चालू होता. पंप सुरू झाला अन् त्यानं त्याले जाळीले ओढून धरलं. मी डबा घेऊन पंपघराच्या ओट्यावर उभी होती. माह्या पायाखालचा ओटा थरथरला तेव्हाच मले कळलं.”

भीमसिंग डोंग्यात होता, तो उठून उभा राह्यला. शामनं पाठीवरची टाकी काढून खाली ठेवली आणि ठेकेदाराच्या माणसाले म्हणाला, “फ्यूजच्या ग्रिपा काढ. काढून या माउलीच्या हातात दे. त्याशिवाय मी उतरत नाही.”

त्यानं तिन्ही ग्रिपा काढल्या; त्या नसल्या की लाइन आली तरी पंप फिरत नाही. मी पदरात घेऊन बसली. तो खाली होता तोवर मी पाण्याकडं पाह्यलं नाही, पदराकडं पाह्यलं. तो तीन वेळा वर आला, तीन वेळा गेला. पोतं पोतं शिपा वर आल्या. शेवटी आला तेव्हा त्याची बोटं रक्ताळली होती, पण हसत होता. मी ग्रिपा परत देल्या आणि घरी आली.

हे मी तेव्हा पोलिसांले सांगतलं नाही. पंचनामा झाला, लोकांनी जे म्हटलं त्यावर मीही मान हालवली. काहून, ते तू विचारशीन. त्या दिवशी पंपावर कोण होतं हे तुले माहीत आहे. मी त्याचं नाव कालही घेतलं नाही, आजही लिहिणार नाही. एका पोरीचा नवरा गेला होता. तिचा भाऊही न्यायचा का मी?

पण मी गप्प राह्यली आणि तू समजत राह्यली की रवीनं तुमची पर्वा केली नाही. उतरायच्या आधी ऑटो बंद कर असं त्यानं सांगतलं होतं. मी माह्या कानानं ऐकलं. एका जिवंत पोराले वाचवता वाचवता मी मेलेल्या पोराचं नाव खराब होऊ देलं. हे मले सहन होत नव्हतं, आणि दुसरंही झालं नसतं.

तू काय ठरवशीन ते ठरव.

कौसल्या

•

पिंपळढव
१६ एप्रिल २०२५

मोनाली,

परवा जयंती झाली. विहारापुढं मिरवणूक निघाली, मी खिचडी वाढायले उभी राह्यली. या वर्षी बायांनी मले पुढं बोलावलं. पुलावरच्या त्या दिवसापासून लोक मले जरा वेगळ्या नजरेनं पाहतात. मले ते नकोसं होते.

काल दुपारी विक्की आला.

दारात उभा राह्यला, आत येईना. मी आधी ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर लोंबत होता. कोणा ड्रायव्हरनं त्याले पांढरकवड्याले सांगतलं म्हणे, की तुह्या बहिणीच्या सासूनं पुलावर असं असं म्हटलं.

“तुमाले माहीत होतं, आई?”

“हो.”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

तो उंबऱ्यावर बसला. मी पाणी देलं, त्यानं तांब्या हातात धरून ठेवला, प्याला नाही. मंग बोलायले लागला. “भाऊजी म्हणाले, विक्की, ऑटो बंद कर. मी म्हटलं, केला. मी करायलेच चाललो होतो, आई. तेवढ्यात वरच्या गावातून फोन आला, नळ काहून नाही म्हणून शिव्या देऊन राह्यले होते. मी बोलत बोलत बाहेर आलो. मले वाटलं केला. मले खरंच वाटलं, केला.” आणि मंग, “लाइन आली तवा मी धावलो. खटका पाडला. पण तोवर...”

तो रडला नाही. रडला असता तर मले काहीतरी करता आलं असतं. त्यानं हातातला तांब्या भरलेलाच खाली ठेवला.

मी विचारलं, “मोनालीले सांगतलं?”

“नाही.”

“मंग माह्याकडं कायले आला? नेरले जा.”

“ती मले घरात घेणार नाही.”

“नको घेऊ दे. तिले एक गोष्ट तुह्याच तोंडून ऐकायची हाय. तिचा नवरा काय म्हणाला होता ते.”

उठताना तो माह्या पायाले हात लावायले वाकला आणि मी पाय मागे घेतले. मुद्दाम नाही घेतले, ते आपोआप मागे गेले. त्याले ते दिसलं. त्याच्याकडं पाहवलं नाही मले.

मी त्याले माफ केलं असं मी तुले लिहिणार नाही. केलं का नाही हे मलेच कळत नाही. तो रस्त्याले लागला तेव्हा मी दारात उभी होती. त्याची चाल रवीसारखी नाही, पण बरीच वर्षं मी त्या दोघांले सोबतच त्या रस्त्यानं जाताना पाह्यलं. एकटा जाताना तो अर्धाच वाटला.

हा कागद पोहोचायच्या आत तो तुह्या दारात पोहोचला असन. त्याचं ऐकून घे. मंग तुले जे करायचं ते कर.

कौसल्या

•

पिंपळढव
८ जून २०२५

मोनाली बाई,

तुहा कागद नाही, फोन नाही. श्रावस्तीचाही आवाज ऐकून महिना झाला. मी रागावली नाही. तुले वेळ पाहिजे, घे.

नेरले काय झालं ते विक्कीनं सगळं सांगतलं मले. तू त्याचं सगळं ऐकून घेतलं म्हणे. शेवटी एवढंच विचारलं, “त्यायनं ऑटो बंद कर म्हटलं होतं?” तो हो म्हणाला आणि तू भिंतीले टेकून खाली बसली, तोंडात पदर कोंबला. मंग उठून दार उघडलं आणि त्याले म्हणाली, “जाय इथून.” तो गेला. ट्रकवरही गेला नाही. आठ-दहा दिवस कुठं होता ते सांगत नाही. मंग एका सकाळी मी दार उघडलं तर ओट्यावर बॅग उशाशी घेऊन झोपला होता.

मी त्याले ठेवून घेतलं.

तुले हे लोकांकडून कळलंच असन. बिजलीबाई म्हणते, “ज्याच्यापायी पोरगा गेला त्याले भाकर खाऊ घालता?” मी तिले काही सांगतलं नाही. तुले सांगते. रवी उतरला तेव्हा वरती दोनच माणसं होती. एक तो, एक मी. त्या दिवसाबद्दल बोलायले मले जगात दुसरं कोणी नाही. तुह्याजवळ मी ते बोलू शकत नव्हती. वर्षभर मी ते भिंतींसोबत बोलली. आता संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसतो. रोज नाही बोलत. कधी तो म्हणते, “भाऊजीनं त्या दिवशी गाणं लावलं होतं फोनवर.” मी म्हणते, “हो, मलेही ऐकू आलं होतं.” एवढंच. पण तेवढ्यानं रात्री डोळा लागते.

इथली बातमी सांगते. उर्वशी मॅडमनं हिवाळ्यापासूनचे सगळे आकडे घेऊन महागावले मीटिंग केली. मलेही नेलं. त्यांनी साहेबांले सांगतलं, ही शिपी आता जाणार नाही. पाणी असंच तापत राह्यलं तर वाढेल, खालच्या तलावांतही जाईल. वर्षातून एकदा उन्हाळ्यात माणूस उतरवून खरडायचे दिवस गेले. हिवाळ्यातही वीण सुरू आहे, म्हणून बारा महिने खरडावं लागेल, आणि माणूस न उतरवता. मंग मले बोल म्हणाले. मी एवढंच म्हणाली, “जाळी वर येईन असं काही करा.” साहेबांनी मान खाली घातली. ते चांगले होते.

आता दोन जाळ्या केल्या. पुलावर चेनपुल्ली बसवली. एक जाळी पाण्यात, एक वर उन्हात. पंधरवड्यानं बदलायची. ग्रिपा काढल्याशिवाय चेनले हात लावायचा नाही, असं पंपघराच्या भिंतीवर लाल रंगानं लिहिलं. पाण्याखाली जाऊन कोणी पाहायची गरज उरली नाही. रवी असता तर त्यानं ही चेन स्वतः बसवली असती आणि आपल्याले जेवताना तिचे दाते मोजून दाखवले असते.

शिपा संपल्या नाहीत. हे तुले खोटं सांगत नाही. परवा काठाचं पाणी चौतिसावर गेलं. आपली मोठी शिपी भीमसिंगले या उन्हाळ्यात जिवंत अशी एकच सापडली, ती त्यानं परत पाण्यात सोडली. ही परदेशी मात्र पंधरवड्यात पुन्हा जाळीवर थर धरून बसते. वर काढली की उन्हात तडतड वाजते, दोन-तीन दिवसांत मरते, मंग विक्की खुरप्यानं खरडून खड्ड्यात पुरते. ठेकेदारानं त्याले त्या कामावर घेतलं, कारण दुसरं कोणी वासापायी येत नाही. पहिल्या दिवशी त्याचे दोन्ही तळहात चिरले. मी हळद लावली. लावताना मी त्याच्या अंगाले हात लावून राह्यली हे मले नंतर कळलं.

काल तो दुपारी जेवायले आलाच नाही. मी पुलावर गेली तर भर उन्हात जाळी खरडत बसला होता, ओठ वाळलेले. मी अशी खेकसली त्याच्यावर! “मराचं हाय का तुले? उठ. हात धू. जेव अगोदर.” तो घाबरून उठला. भीमसिंग डोंग्यातून पाहत होता. घरी येताना माह्या लक्षात आलं, रवी गेल्यापासून जेवणावरून मी कोणावर ओरडलीच नव्हती. ओरडायले माणूस लागते.

तू ये असं मी म्हणत नाही. त्याच्याशी बोल असंही म्हणत नाही. तो आहे म्हणून तू येणार नसशीन तर मी नेरले येईन, बसस्टँडवर भेटू, तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. श्रावस्तीले एकदा पाहायचं आहे. तिचा पुढचा दात पडला का?

एकच मागते. रवीवर आता रागवू नको. त्यानं जे करायचं ते सगळं केलं होतं, तुमच्यासाठी परत यायचं म्हणूनच केलं होतं. राग राहणारच, तो कुठंतरी ठेवावा लागते. तो आमच्या दोघांवर ठेव. आम्ही जिवंत आहोत, आम्हाले तो झेपेल.

कौसल्या